ओटीपी लॉकरात आहे

ज्या दिवशी ऑफिसात 'तंत्रज्ञान धोरण अंमलबजावणी अधिकारी' निवडायची बैठक होती, नेमके त्याच दिवशी स्टोअरकीपर दाढ काढायला गेले होते. दुसऱ्या दिवशी ते सुजलेल्या गालानं कामावर आले, तेव्हा सगळ्यांनी उभं राहून त्यांचं अभिनंदन केलं. "निवड एकमतानं झाली हं!" अकाउंटवाल्या ताई म्हणाल्या. तोंडात कापूस असल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही, आणि पाकिटं बनवणाऱ्या त्या कंपनीत त्या दिवसापासून सगळे त्यांना धोरणकाका म्हणू लागले.

खरं सांगायचं तर निवड चुकली नव्हती. काका मुळातच नियमाचा माणूस. चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावरही लाल दिवा दिसला की ते थांबायचे. औषधाच्या बाटलीवर 'घेण्यापूर्वी हलवा' असं लिहिलंय, पण किती वेळ हलवायची ते लिहिलेलं नाही, म्हणून त्यांनी एकदा औषध कंपनीला पत्र पाठवलं होतं. उत्तर येईपर्यंत खोकला बरा झाला, ती गोष्ट वेगळी.

धोरणं सल्लागार कंपनीकडून यायची आणि भराभर यायची. पहिल्या धोरणात पासवर्ड लांबलचक झाले आणि दर आठवड्याला बदलू लागले. एवढे पासवर्ड लक्षात कोण ठेवणार? सगळ्यांनी ते चिठ्ठ्यांवर लिहून टेबलाला चिकटवले. म्हणून दुसरं धोरण आलं, की टेबलावर कागदाचा कपटाही दिसता कामा नये. पाकिटांच्या कंपनीत कागदाला बंदी! तेव्हा काकांनी खुलासा काढला, की पाकीट हा कागद नसून उत्पादन आहे. झालं, दुसऱ्या दिवसापासून पासवर्ड पाकिटांवर लिहिले जाऊ लागले आणि त्यातला एक तर गठ्ठ्याबरोबर थेट गिऱ्हाइकाकडे पोचला.

मग तिसरं धोरण आलं. पासवर्ड गेले, कॉम्प्युटर उघडायचा तर मोबाइलवर ओटीपी येणार. लोक जरा सुखावतात न सुखावतात तोच चौथं आलं. मोबाइलवर कुणी नव्या पाकिटांच्या डिझाइनचे फोटो काढू शकतो, सबब सर्वांनी आपापले मोबाइल खाली गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवून वर यावं. मोठ्या साहेबांनी आदर्श म्हणून सगळ्यांच्या देखत एक नंबरच्या लॉकरमध्ये वस्तू ठेवली आणि टाळ्या घेतल्या.

आता कॉम्प्युटर वर आणि ओटीपी खाली. पहिल्या आठवड्यात ऑफिसनं नुसते जिने चढले-उतरले. मग गेटवरच्या हवालदारांनी तोड काढली. हवालदार म्हणजे निवृत्त फौजी. आवाज असा, की समोरच्या बिल्डिंगमधली बाळं दचकून उठायची. ते सगळ्यांच्या किल्ल्या घेऊन खाली उभे राहिले आणि कवायतीच्या सुरात ओटीपी ओरडू लागले. "अकाउंट्स! चार, चार, नऊ, दोन, सात, शून्य!" कंपनीची सगळी गुपितं रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याला पाठ झाली, पण धोरणाचं पालन तंतोतंत चाललं होतं.

आणि मग एक चमत्कार झाला. तिसऱ्या आठवड्यात सगळं शांत झालं. कुणी धावेना, हवालदार ओरडेनात, तरी कॉम्प्युटर बिनबोभाट चालू. काकांचं स्टोअर तेवढं अजून वहीवरच चालायचं. काकांना गहिवरून आलं. 'कर्मचाऱ्यांनी धोरण मनापासून स्वीकारले असून अंमलबजावणी शंभर टक्के आहे,' असा अहवाल त्यांनी मोठ्या साहेबांना दिला. हे नेमकं कसं झालं, असं विचारायचं त्यांच्या मनात एकदा आलं होतं. पण चांगलं चाललेलं असताना चौकशा कशाला, म्हणून त्यांनी तो विचार सोडून दिला.

पाचवं धोरण म्हणजे लॉकरचं आधुनिकीकरण. किल्ल्या जाणार. लॉकरवर आपला नंबर दाबायचा, मोबाइलवर ओटीपी येईल, तो दाबला की दार उघडणार. अडीअडचणीला सगळे लॉकर उघडणारा मास्टर ओटीपी मोठ्या साहेबांच्या मोबाइलवर. काकांनी मसुदा दोनदा वाचला, त्यातले चुकलेले स्वल्पविराम दुरुस्त केले, शेवटी स्वतःचं एक कलम जोडलं, 'मोबाइल लॉकरमध्ये पालथा ठेवावा, जेणेकरून स्क्रीनवरील मजकूर कोणासही दिसू नये', आणि सही ठोकली. मोठ्या साहेबांनी न वाचता सही केली. सल्लागारांचा माणूस दुपारी येऊन लॉकरची किल्लीची भोकं बंद करून गेला. तो जाताना काकांनी किल्ल्यांचा जुडगा स्वतःच्या हातानं त्याच्या स्वाधीन केला आणि वर त्याला थंड पाणीही पाजलं.

हे सगळं एरवी कुठल्याही दिवशी झालं असतं तर एवढं बिघडलं नसतं. पण त्या संध्याकाळी काकूंचं नाटक होतं.

काकू म्हणजे काकांच्या पत्नी. लहानपणापासून स्टेजवर उभं राहायची हौस, पण घर, मुलं, सासूबाईंचं आजारपण यात ती मागे पडत गेली होती. यंदा मुलं नोकरीला लागली आणि काकूंनी हौशी नाट्यमंडळात नाव घातलं. भूमिका मिळाली ती एका खाष्ट घरमालकिणीची, आणि तीही मुख्य. पडदा उघडला की काकू कमरेवर हात ठेवून गरजणार, "या घरात माझ्या परवानगीशिवाय दारसुद्धा उघडत नाही!" गेले कित्येक महिने घरात रोज हेच चाललं होतं. काकू कणीक मळता मळता गरजायच्या आणि काका समोर स्टुलावर बसून पुढचं वाक्य सुचवायचे. दूध उतू जायचं, पण दोघंही खुशीत होते.

"पहिल्या रांगेत बसा हं," सकाळी काकूंनी बजावलं होतं. "तुम्ही समोर दिसला नाहीत ना, तर मला स्वतःचं नावसुद्धा आठवायचं नाही."

"तासभर आधी येऊन बसतो की नाही बघ!" काका म्हणाले होते. आणि काका शब्दाचे पक्के होते.

म्हणून त्या दिवशी ते लवकर निघायची रीतसर परवानगी घेऊन खाली आले आणि ऐटीत लॉकरसमोर उभे राहून त्यांनी आपला नंबर दाबला. 'ओटीपी पाठवला आहे', अशी अक्षरं उमटली. लॉकरच्या आतून आवाज आला, टुंग.

"आला!" काका हर्षानं म्हणाले.

"काय आलं?" हवालदारांनी केबिनमधून विचारलं.

"ओटीपी! सिस्टीम चालतेय!"

"मग टाका की."

काकांनी बोट बटणापाशी नेलं. ते तिथंच राहिलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा हर्ष मावळला आणि रंगही उडाला.

"हवालदार," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "ओटीपी आत आलाय."

तेवढ्यात केबिनमधला फोन वाजला. तारेचा फोन तेवढाच एक उरला होता, कारण तो कुठल्या धोरणात बसतो हे सल्लागारांना कळलं नव्हतं.

"काका, तुमच्या घरून," हवालदार म्हणाले.

"अहो, मी थिएटरच्या दारवानाच्या फोनवरून बोलतेय," काकूंचा आवाज घाईत होता. "इथं आजपासून नवीन नियम आलाय. कलाकारांना आत सोडायलासुद्धा ओटीपी लागतो म्हणे. मी मंडळात तुमचा नंबर दिला होता. तुमच्या मोबाइलवर आलाय, तेवढा सांगा पटकन."

"माझा नंबर का दिलास?"

"तुम्ही धोरण अधिकारी ना! म्हटलं, असलं काही निघालं तर तुम्हाला कळेल. सांगा बघू."

"मोबाइल लॉकरात आहे."

"मग काढा."

"काढायला ओटीपी लागतो."

"मग तो बघा."

"तो मोबाइलवर आलाय."

तीस वर्षांच्या संसारात काकूंनी अनेक गोष्टी ऐकून घेतल्या होत्या. "अहो," त्या सावकाश म्हणाल्या, "हा नियम कुणी केला?"

"पाच मिनिटांत सांगतो," म्हणून काकांनी फोन ठेवला आणि सल्लागारांच्या मदतकेंद्राला लावला.

"नमस्कार सर," एक गोड आवाज म्हणाला. "सुरक्षिततेसाठी आधी आपली ओळख पटवून घेते. आपल्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय."

टुंग.

"ऐकला मी तो," काका म्हणाले.

"वाचून दाखवता का सर?"

"अहो, मोबाइल लॉकरात अडकलाय. नुसता ऐकू येतोय!"

"मग सर, आपण आपला नोंदवलेला नंबर बदलून घ्या."

"घ्या ना बदलून! माझ्या शेजारी हवालदार आहेत, त्यांचा घ्या."

हवालदारांना एकदम जोराचा ठसका लागला.

"नक्कीच सर. नंबर बदलायला ओटीपी लागेल."

टुंग.

"आता हा कुठला?"

"हा नंबर बदलायचा, सर."

काका कपाळाला हात लावून बसले. बातमी वर गेली आणि अख्खं ऑफिस जिन्यात जमा झालं. आर्टिस्ट आला, हा पाकिटांवरची वेलबुट्टी काढायचा आणि कुठलाही नियम त्याला आजवर चिकटला नव्हता. अकाउंटवाल्या ताई आल्या. परिस्थिती समजून घेतल्यावर ताईंनी पर्समधला छोटा आरसा काढला. लॉकरच्या दाराला हवेसाठी फटी होत्या. आर्टिस्टनं आरसा पट्टीला चिकटवून आत सरकवला, हवालदारांनी टॉर्च धरला, ताई गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून बघू लागल्या.

"दिसतोय मोबाइल!" ताई म्हणाल्या. "पण नुसती पाठ दिसतेय. काका, पालथा का घातलात?"

"कलम आहे तसं," काका पुटपुटले.

"कुठल्या शहाण्यानं घातलं हे कलम?" आर्टिस्टनं विचारलं. ताईंनी त्याला कोपरानं ढोसलं.

"तुमच्यापैकी कुणाचा उताणा असेल तर बघू या का?" काका आशेनं म्हणाले. "निदान तुमचे तरी निघतील बाहेर. माझ्यापायी तुमचेही अडकले ना."

"माझं राहू द्या काका, मला काही घाई नाही," आर्टिस्ट पटकन म्हणाला.

"माझंही राहू द्या. उद्या बघू," ताई म्हणाल्या.

"आपलं काय, आपल्याला कोण फोन करतंय!" हवालदारांनी छताकडे बघत सांगितलं.

लोक केवढे समजूतदार आहेत, असं काकांना वाटलं. स्वतःची अडचण विसरून माणसं माझ्यासाठी राबतायत!

शेवटचा उपाय म्हणजे मास्टर ओटीपी. मोठ्या साहेबांना खाली बोलावण्यात आलं. साहेब कोटाची बटणं लावत आले. मदतकेंद्राच्या गोड आवाजानं सांगितलं, "मास्टर ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर पाठवलाय सर. दिवसभर चालेल."

सगळ्यांनी एक नंबरच्या लॉकरला कान लावले. आत अगदी चिडीचूप. त्याच क्षणी साहेब जरा जोरातच खाकरले आणि त्यांचा हात कोटाच्या खिशावर गेला.

"आवाज नाही आला," काका म्हणाले.

"सायलेंटवर असेल," साहेब म्हणाले.

ताईंनी आरसा पुढे केला. "साहेब, उताणा आहे का? बघू?"

"पालथा!" साहेब गरजले. "कलम म्हणजे कलम! आम्हीच पाळलं नाही तर कसं चालेल?"

हवालदारांनी कुठूनशी पहार आणली. "खबरदार!" साहेब म्हणाले. "नवेकोरे लॉकर आहेत. उद्या सकाळी इंजिनिअर येईल, तोवर कुणी हात लावायचा नाही. एक दिवस मोबाइल नसला तर काय बिघडतं? आमच्या लहानपणी कुठे होते मोबाइल?"

एवढ्यात केबिनमधला फोन पुन्हा वाजला. काकांनी उचलला. या वेळी काकूंचा आवाज घाईत नव्हता. तो बारीक झाला होता.

"अहो, राहू द्या आता," त्या म्हणाल्या. "दिग्दर्शक दारात येऊन गेले. म्हणाले, वेळ नाही. प्रॉम्प्टरबाईंना माझं पातळ नेसवतायत. त्यांना वाक्यं येतात म्हणे. येतीलही. पण त्या खूप हळू बोलतात हो."

"अगं, थांब ना जरा..."

"मी दाराबाहेरच्या पायरीवर बसलेय. तुम्ही सावकाश या. घाईत रस्ता ओलांडू नका." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "येणार ना?"

काकांनी फोन ठेवला नाही. तो तसाच टेबलावर आडवा ठेवून ते लॉकरजवळच्या बाकावर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

"तिनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही हो," ते म्हणाले. "कधी बाहेर फिरायला नेलं नाही, तरी बोलली नाही. आज म्हणाली, फक्त समोर बसा. आणि मीच दार बंद करून ठेवलं. चूक माझीच आहे. तुम्हा सगळ्यांनाही मी गेले कित्येक दिवस छळलं. तरी तुम्ही बिचारे निमूटपणे मोबाइल ठेवत आलात. मला खरंच माफ करा."

आर्टिस्ट बुटांकडे बघू लागला. हवालदार पहारेकडे बघू लागले. अकाउंटवाल्या ताई मात्र गुपचूप दोन पावलं मागे सरकल्या, खांबाच्या आड गेल्या आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत हात घालून काहीतरी करू लागल्या.

आणि मोठ्या साहेबांचा कोट वाजला.

साधा नाही वाजला. लग्नाच्या बँडसारखा वाजला. साहेबांनी खिसा दाबून धरला तर तो आणखी जोरात वाजला. अखेर नाइलाजानं त्यांनी मोबाइल बाहेर काढला, स्क्रीनकडे बघितलं आणि सवयीनं कानाला लावला.

"हॅलो," साहेब म्हणाले.

"हॅलो साहेब," तीन पावलांवरून ताई म्हणाल्या.

साहेबांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी साहेबांकडे बघितलं. 'तुमचा मोबाइल लॉकरमध्ये का नाही', हा प्रश्न दोघांच्याही ओठांवर आला आणि दोघांनीही तो गिळला.

"साहेब, तुम्ही रोज दुपारी सुविचार पाठवता ना आमच्या ग्रुपवर," ताई नरमाईनं म्हणाल्या. "तेव्हाच मला शंका आली होती."

"आणि तुम्ही त्याला लगेच हात जोडता," साहेब म्हणाले. "मला का नाही आली?"

मग त्यांनी घसा साफ केला, चष्मा नाकावर घेतला आणि मास्टर ओटीपी वाचून दाखवला. काकांनी तो दाबला. खटाखट, खटाखट, एकापाठोपाठ एक सगळ्याच लॉकरची दारं उघडली.

एक नंबरमध्ये मोबाइलच्या कव्हरात अंगाच्या साबणाची वडी होती. ताईंच्या लॉकरमध्ये कॅलक्युलेटर. हवालदारांच्या लॉकरमध्ये टीव्हीचा रिमोट. आर्टिस्टनं निदान इमान राखलं होतं. त्याचा मोबाइल होता, फक्त काच फुटून कधीचाच बंद पडलेला. बाकीच्या लॉकरमध्ये चष्म्याच्या पेट्या, एक आरसा, दोन पुठ्ठ्याचे तुकडे आणि चक्क एक दुमडलेलं पाकीट. सगळ्या ऑफिसात खराखुरा, चालू मोबाइल एकाच लॉकरमध्ये निघाला. तो शिस्तीत पालथा पडला होता.

काकांनी त्या सगळ्या उघड्या दारांवरून एकदा नजर फिरवली. अंमलबजावणी शंभर टक्के कशी झाली, ते त्यांना आत्ता कळलं. पण रागवायला वेळ नव्हता. त्यांनी मोबाइल उचलला, धावत केबिनमध्ये गेले आणि ओरडले, "अगं, आहेस ना? लिहून घे! नाही, आधी दारवानाला दे!"

"द्या इकडे," म्हणत हवालदारांनी फोन घेतला, मोबाइलवर बघितलं, छाती फुगवली आणि कवायतीच्या सुरात एकेक आकडा असा काही सोडला, की पलीकडच्या दारवानानं म्हणे टाचा जुळवल्या.

"काका, चला, स्कूटर काढतो," आर्टिस्ट म्हणाला.

जिन्याशी मोठ्या साहेबांनी काकांना अडवलं. "धोरणकाका, तो तुमचा अहवाल. शंभर टक्केवाला."

"आज रात्री दुरुस्त करतो साहेब."

"नको, नको. तसाच राहू द्या," साहेब साबणाची वडी खिशात टाकत म्हणाले. "चांगला लिहिलाय."

थिएटरच्या दारात आर्टिस्टनं काकांना सोडलं आणि जाता जाता आपला तो फुटक्या काचेचा मोबाइल त्यांच्या हातात कोंबला. "असू द्या काका. कुठं ना कुठं लागतो."

तिसरी घंटा होत होती. दाराशी ट्रे घेऊन एक मुलगी उभी होती. "सर, मोबाइल इथं जमा करा. आत न्यायला बंदी आहे. नवीन धोरण आहे आमचं." काका थबकले. त्यांचे दोन्ही हात दोन खिशांत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना विचार करावा लागला. मग त्यांनी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं एक मोबाइल ट्रेमध्ये ठेवला, पालथा, आणि पावती घेऊन आत गेले.

पडदा उघडला. काकू स्वतःच्या पातळात, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. प्रखर दिव्यांत त्यांचे डोळे भिरभिरले, ओठ हलले, पण शब्द फुटेना. मग नजर पहिल्या रांगेत आली. काकांनी स्टुलावर बसल्यासारखं पुढे वाकून ओठ हलवले. काकूंनी श्वास घेतला आणि त्या अशा गरजल्या, "या घरात माझ्या परवानगीशिवाय दारसुद्धा उघडत नाही!" की सगळं थिएटर हसत सुटलं. सगळ्यात जास्त काकाच हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

नाटक संपल्यावर दोघं दारातून बाहेर पडले. काकूंच्या हातात फुलं होती आणि पाय जमिनीवर नव्हते. काका ट्रेजवळून तसेच पुढे निघाले, तेव्हा काकूंनी त्यांची बाही ओढली.

"अहो, तुमचा मोबाइल राहिला ना ट्रेमध्ये!"

"असू दे," काका म्हणाले. "तो त्यांच्या धोरणाचा आहे. माझा माझ्या खिशात आहे. तुझा सबंध पहिला अंक घेतलाय त्यात."

काकू रस्त्याच्या मधोमध थांबल्या. ओस पडलेल्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबणाऱ्या या माणसाकडे त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी फुलं काखेत धरली आणि हात पुढे केला.

"दाखवा बघू," त्या म्हणाल्या.